पोटॅशियमरोधक औषधे आणि हृदयाची लय
प्रत्येक ठोक्याअखेर पोटॅशियमचे आयन पेशीबाहेर पडतात, तेव्हाच हृत्स्नायू पुढील उत्तेजनास सिद्ध होतो. डोफेटिलाइड, डी-सोटॅलॉल यांसारखी औषधे ही वाट अडवितात. पेशी सावरण्यास विलंब लागतो, आणि स्नायूत चक्राकार फिरणारी घातक विद्युत्-लहर पुढे उत्तेजनक्षम पेशी न मिळाल्याने विझते. तत्त्व निर्दोष आहे. अनुभव मात्र विपरीत. नाडी जलद असता, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, हा परिणाम क्षीण होतो. मंद असता तो बळावतो, व अवेळी उत्तेजना उद्भवून देसर्तेन यांनी १९६६ साली वर्णिलेले पीळदार द्रुतस्पंदन सुरू होऊ शकते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्वोर्ड' चाचणीत, हृद्‌घातामुळे निलय दुर्बल झालेल्या ३,१२१ रुग्णांमध्ये, डी-सोटॅलॉल घेणाऱ्यांपैकी ५.० टक्के, तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकी ३.१ टक्के दगावले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. अमिओडॅरोनमुळे असे क्वचितच घडते. ते सोडियम व कॅल्शियमच्या वाटाही काही अंशी रोखते.