बंदुकीचा अर्ज

गेल्या धानाच्या हंगामात सिंदेवाहीकडचे एक काका आमच्याकडे आले. जयभीम झाला, चहा झाला, मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. "भाऊ, बंदुकीच्या परवान्याचा अर्ज लिहून द्या. डुकरं बांधीत घुसतात, वरून वाघाचं भेव. जागलीला जावं कसं?"

आम्ही पडलो कारकून. अर्ज लिहिणे हा आमचा रोजचा उद्योग. पण या अर्जावर पेन अडले.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना मागता येतो. ही भरमार म्हणजे काय? नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे भरायचे, टोपी लावायची, तेव्हा कुठे एक बार. दुसऱ्या बारासाठी सारे पहिल्यापासून. तोवर वाघ थांबेल काय? शिवाय परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. ती परवानगी वनखात्याची. जीव वाचवताना जनावर मेले तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ११ संरक्षण देते, पण त्या वेळी आपण त्या कायद्याविरुद्ध काही करत नसलो तरच. आणि बिनपरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान २ वर्षे कैद.

गडचिरोलीत तर भरमारीचा अर्थच निराळा. नक्षल्यांच्या काळात ज्याच्या घरी बंदूक, तो दोन्हीकडच्या नजरेत. शेजारी छत्तीसगडात सलवा जुडूमच्या नावाने आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. तोवर किती घरे उजाड झाली!

काका म्हणाले, "जनावराचं सोडा. माणसांचं काय?" २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघे मारले गेले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या वस्त्यांत विचारला जातो. आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे की १९९५ च्या ॲट्रॉसिटी नियमांतील नियम ३ नुसार, अत्याचाराचा धोका असलेल्या भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने देता येतात. पण त्याच नियमात त्याच्या आधी दोन गोष्टी आहेत: इतरांचे परवाने रद्द करून शस्त्रे जमा करणे आणि बेकायदा शस्त्रे जप्त करणे. आमच्या मते आधी त्यांचा आग्रह धरावा. जमावापुढे एका बाराची बंदूक किती पुरणार? उलट तीच हिसकावून आपल्यावर रोखली जाईल.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क मागितला होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. कुणीही बाजारातून हवे ते हत्यार आणू लागला तर राज्य चालवायचे कसे, असा त्यांचा सवाल होता.

१० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यातच तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघाने मारले. पाने तोडणाऱ्या बाईचे दोन्ही हात कामात, मान खाली. तिने बंदूक कुठे धरावी? घरी बंदूक असती तरी ती खुंटीला राहिली असती.

हे सारे ऐकून काका गप्प झाले. मग म्हणाले, "तरी लिहा."

आम्ही लिहिला. त्यासोबत डुकरांनी तुडवलेल्या धानाच्या भरपाईचा आणि जंगलकडेच्या वाटेवर दिव्यांच्या मागणीचा, असे आणखी दोन अर्ज लिहिले. तिन्हींवर काकांनी सही केली. काकूंना सोबत आणले असते तर दिव्यांच्या अर्जावर त्यांचीही घेतली असती. मोह वेचायला पहाटे त्याच वाटेने त्या जातात.