मनोऱ्यातून जाणारी उष्णता

कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राजवळून जाताना कमरेशी निमुळते, अवाढव्य मनोरे आणि त्यांतून निघणारे पांढरे ढग आपल्याला दिसतात. पुष्कळांना तो धूर वाटतो. वस्तुतः ते पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. कोळशाचा धूर उंच चिमणीतून जातो. मनोऱ्यातून केंद्रातील उष्णता हवेत सोडली जाते. 'ही उष्णता पुन्हा बॉयलरलाच का देत नाहीत?' असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. या प्रश्नाच्या उत्तरात उष्मागतिकीचे दोन प्रमुख नियम येतात.

पहिला नियम हिशेबाचा. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. तिचे फक्त रूप बदलते. एक युनिट वीज म्हणजे 36 लाख ज्यूल. केंद्राची कार्यक्षमता 36 टक्के धरली, तर त्यासाठी कोळशापासून 1 कोटी ज्यूल उष्णता घ्यावी लागते. उरलेले 64 लाख ज्यूल मुख्यतः मनोरा आणि चिमणी यांवाटे बाहेर पडतात.

सगळ्या उष्णतेची वीज का होत नाही, हे दुसरा नियम सांगतो. उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. या प्रवासात तिच्या काही भागाचेच कार्य होते. उरलेली थंड बाजूला सोडावीच लागते. कमाल कार्यक्षमता या दोन बाजूंच्या तापमानांवरच अवलंबून असते, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने 1824 मध्ये दाखवले. समजा, वाफ 540 अंश सेल्सियस (813 केल्विन) आणि संघनक 40 अंश (313 केल्विन) तापमानाला आहे. मग

कमाल कार्यक्षमता = 1 – (313 ÷ 813) = सुमारे 61 टक्के.

घर्षण व इतर व्ययामुळे प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते. मनोऱ्यातील उष्णता बॉयलरपर्यंत चढवायची, तर तिच्यापासून मिळेल निदान तेवढी वीज तिला चढवण्यातच खर्च होईल!

आता आपल्या घराकडे वळू. विजेच्या गीझरने आपण आंघोळीचे पाणी तापवतो, तेव्हा कोळशाच्या 1 कोटी ज्यूलपैकी फार तर 36 लाख पाण्यापर्यंत पोहोचतात. एवढ्या कोमट पाण्यासाठी छपरावरचा सौर बंब पुरेसा असतो. पंखा मात्र उन्हात ठेवून फिरणार नाही.

वर्गात विद्यार्थ्यांना घरातील विजेच्या उपकरणांची यादी करायला सांगावी. त्यांपैकी कोणत्या कामांना वीजच हवी आणि कोणत्यांना नुसती ऊब पुरेल, हे त्यांनाच ठरवू द्यावे.