दळण टाकण्याआधी धान्य निवडा!

पोळ्यांसाठी घरात पीठ दोन तऱ्हांनी येतं. दुकानातून तयार पिशवी आणली की काम झालं! नाहीतर गहू आणायचे, त्यांना ऊन दाखवायचं, निवडायचे आणि मग डबा गिरणीत न्यायचा. दुसरी तऱ्हा कष्टाची. पण पोटात काय जातंय ते त्यात पक्कं ठाऊक असतं.

कॉम्प्युटरचंही असंच आहे बरं का! माणूस लिहितो तो ‘सोर्स कोड’ म्हणजे धान्य. ते दळणारी गिरणी म्हणजे ‘कम्पायलर’. आणि त्यातून कॉम्प्युटरला चालवता येतो असा जो प्रोग्रॅम बाहेर पडतो, ते पीठ. आपण बहुतेक वेळा तयार पीठच आणतो. पण जगात काही हौशी मंडळी अशी आहेत, की ती कॉम्प्युटरची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम धान्यापासून घरी दळतात!

एक विद्यार्थी आणि एक पुस्तक

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. तीच ‘लिनक्स’. तिचा सोर्स कोड त्याने सगळ्यांसाठी खुला ठेवला. तिच्याबरोबर लागणारी बरीचशी हत्यारं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आली.

पुढे १९९९ साली जेरार्ड बीकमन्स यांनी ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ नावाचं पुस्तक सुरू केलं. तयार काही न घेता एकेक तुकडा स्वतः दळून लिनक्स कसं उभं करायचं, ते त्यात पायरी-पायरीने सांगितलं आहे. आजही स्वयंसेवक ते पुस्तक ताजं ठेवतात आणि ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं.

वाण्याची यादी

स्वयंपाकाआधी सामान भरावं लागतं, तसं इथे आधी ८०हून अधिक सोर्स पॅकेजं आणावी लागतात. प्रत्येक पॅकेज म्हणजे शेकडो फाइलींची एक वळकटी. ती बांधणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ‘टार’. पूर्वी माहिती चुंबकीय टेपवर साठवत, म्हणून ‘टेप आर्काइव्ह’वरून ‘टार’! बांधलेली वळकटी दाबून लहान करतात, म्हणजे ती लवकर उतरते.

आता इतक्या फाइली एकेक करून आणायच्या म्हणजे बोटं दुखायची! म्हणून पुस्तकासोबत सगळ्या पत्त्यांची एक यादी मिळते. ती ‘डब्ल्यूगेट’ या प्रोग्रॅमच्या हातात द्यायची, की तो वाण्याकडे पाठवलेल्या शहाण्या मुलासारखा एकेक जिन्नस घेऊन येतो. क्रोएशियाच्या ह्रवोये निकशिच यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९६ सालापासून काम करतो आहे. त्याला ‘अर्धवट राहिलेलं पुढे चालू ठेव’ असंही सांगता येतं. म्हणजे मध्येच वीज गेली, तरी पहिल्यापासून सुरुवात नको!

आता निवडायला बसा

सामान आलं. पण वाटेत एखादी फाइल बिघडली असेल तर? लाखो अक्षरांमधलं एक चुकीचं अक्षर डोळ्यांना कसं दिसणार?

त्यासाठी प्रत्येक फाइलीचा ‘ठसा’ काढतात. त्याला ‘चेकसम’ म्हणतात. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली शोधलेल्या ‘एमडी५’ रीतीत फाइल केवढीही असो, तिचा ठसा ३२ चिन्हांचाच निघतो. फाइलीत एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. पुस्तकासोबत सगळ्या फाइलींचे ठसे छापलेले असतात. आपण आपला ठसा काढायचा आणि ताडून पाहायचा. जुळला नाही, तर ती फाइल टाकून द्यायची आणि पुन्हा आणायची.

याचं एक साधं भावंड तुमच्या दप्तरातही सापडेल! बऱ्याच पुस्तकांच्या मागे १३ आकड्यांचा आयएसबीएन क्रमांक असतो. पहिल्या आकड्याला १ ने गुणा, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने, असं शेवटपर्यंत. सगळ्यांची बेरीज करा. तिच्या शेवटी शून्य यायलाच हवं! उदाहरणार्थ ९७८०३०६४०६१५७ या क्रमांकाची बेरीज बरोबर १०० येते. एक आकडा मुद्दाम बदलून पाहा, चोरी लगेच पकडली जाईल.

पोहराच नाही!

आता खरी गंमत. सगळं दळून झालं, नवीकोरी सिस्टिम सुरू झाली, आणखी एखादं पॅकेज आणावं म्हणून तुम्ही डब्ल्यूगेटला हाक मारली... तर डब्ल्यूगेट आहेच कुठे? पुस्तकातल्या मूळ यादीत तो नाहीच! आतापर्यंत आपण वापरत होतो तो जुन्या, तयार लिनक्समधला. मग डब्ल्यूगेट आणायला डब्ल्यूगेट हवा! विहिरीपाशी उभे आहोत, पण हातात पोहरा नाही.

आणि तो मिळाला तरी आणखी एक अडचण उरते. सुरक्षित वेबसाइट आधी आपलं ओळखपत्र दाखवते. ते खरं की खोटं, हे ठरवण्यासाठी विश्वासू संस्थांची यादी कॉम्प्युटरकडे असावी लागते. नव्या सिस्टिमकडे ती यादीही नसते. मग डब्ल्यूगेट म्हणतो, “ओळख पटत नाही, मी नाही जात!” मोझिला ही संस्था अशी यादी सांभाळते. ती आपल्या सिस्टिममध्ये बसवावी लागते.

यावर उपाय एकच, प्रवासाला निघताना आई करते तोच. वाटेत काय लागेल याचा विचार निघण्यापूर्वी करायचा! नवी सिस्टिम सुरू करण्याआधीच जुन्या लिनक्समधून डब्ल्यूगेट, त्याला लागणारी पॅकेजं आणि ही यादी आणून ठेवायची. अगदीच अडलं, तर पेन ड्राइव्ह आहेच.

ठसा जुळला, तरीही...

पण ठसा एवढंच सांगतो, की वाण्याने दिलं तेच घरी आलं. वाण्यानेच खडे मिसळले असतील तर? आणि एमडी५ तर आता पुरेसा मजबूतही मानत नाहीत. दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा काढता येतो, हे चीनच्या वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ सालीच दाखवून दिलं. म्हणून जाणकार लोक पॅकेजवरची डिजिटल सहीही तपासतात.

२०२४ साली मात्र या सगळ्यावर मात करणारा प्रकार घडला. वळकट्या दाबून लहान करणारं ‘एक्सझेड’ नावाचं पॅकेज आहे. त्याच्या कामात ‘जिया तान’ या नावाने एका व्यक्तीने दोन-अडीच वर्षं मदत केली, सर्वांचा विश्वास मिळवला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांच्या वळकट्यांत गुपचूप एक चोरदरवाजा ठेवला. ठसाही जुळत होता आणि सहीही!

पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्यांना दिसलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. त्यांनी खोदत-खोदत कारण शोधलं आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केलं. सोर्स कोड सगळ्यांसाठी उघडा होता, म्हणूनच त्यांना तो वाचता आला. धान्य समोर असलं तरच खडा दिसतो ना!

हात घालण्यापूर्वी

तुम्हालाही करून पाहावंसं वाटतंय? जरूर पाहा. पण घरच्या कामाच्या कॉम्प्युटरवर थेट प्रयोग नको. डिस्कचे भाग पाडताना एक चूक झाली, तर सगळ्या फाइली पुसल्या जातील! कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा करणारे ‘व्हर्च्युअल मशीन’ प्रोग्रॅम मिळतात. ते घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन वापरा. घाई करू नका. या कामाला कित्येक दिवसही लागतात.

आणि नुसती सुरुवात करायची असेल, तर आज पुस्तकामागचे ते १३ आकडे तपासा. समोर आलेलं जसंच्या तसं न घेता आधी ताडून पाहायचं, ही सवय कॉम्प्युटर नसलेल्यालाही लावता येते!