हनुवटीवरचे केस आणि प्रकाशाचा उपाय

युनियनच्या कामात मी एक गोष्ट शिकलो: मूळ सोडून वरवर मलम लावले, की दुखणे पुन्हा उठते. आपल्या रहिमतपुरात एखाद्या मुलीच्या हनुवटीवर राठ केस आले, की ती ओढणीआड तोंड लपवते. दोष तिचा नाही. स्त्रीच्या शरीरातही थोडे पुरुषी संप्रेरक असतेच. पीसीओएस या विकारात ते वाढते. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली या विकाराचे वर्णन केले.

केसातला काळा रंग लेसरचा प्रकाश शोषून घेतो, तापतो, आणि मूळ जळते. मात्र वाढीला लागलेलेच केस सापडतात, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने अनेक खेपा लागतात. पांढऱ्या केसांवर इलाज चालत नाही. सावळ्या कातडीतही तोच रंग असल्याने ती भाजू शकते. तिला १०६४ नॅनोमीटरचा, खोल जाणारा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित.

‘कायमचे घालवतो’ म्हणणाऱ्याला विचारा, संप्रेरकाचे काय? ते वाढलेलेच राहिले, तर नवे केस येणारच. तेव्हा पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा. आणि तोवर त्या मुलीला कोणी हसू नका.