वर्तनविश्लेषण-उपचार आणि स्वमग्न मुलाची भाषा

स्वमग्नतेचे निदान झालेल्या मुलाच्या पालकांपुढे ‘उपयोजित वर्तनविश्लेषण’ या उपचारपद्धतीचे नाव लौकरच येते. तथापि तिचे स्वरूप काय आणि ती चालविणाऱ्यांमधून योग्य उपचारक कसा ओळखावा, यांविषयी त्यांना स्पष्ट कल्पना क्वचितच मिळते. या उपचाराचा बराच मोठा भाग मुलाला बोलावयास शिकविण्याचा असल्यामुळे हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांच्याही विचाराचा आहे.

वर्तन हे त्याच्या परिणामांनी घडते, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. मूल ओरडले असता त्यास खाऊ मिळत गेला, तर ओरडणे ही त्याची मागण्याची रीत ठरते. म्हणून वर्तनाच्या आधीची परिस्थिती, वर्तन आणि त्यामागून येणारा परिणाम या तिहींची नोंद करून उपचारक प्रथम वर्तनाचे कार्य शोधतो. नंतर तेच कार्य साधणारा शब्द, खूण किंवा चित्र तो शिकवितो आणि त्यास तत्काळ फळ मिळेल अशी व्यवस्था करतो. या फळ देण्यास ‘प्रबलन’ म्हणतात. १९६८ साली या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक अमेरिकेत निघाले. त्यात बेअर, वुल्फ व रिस्ली यांनी प्रारंभीच घालून दिलेल्या कसोट्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत : बदलावयाचे वर्तन त्या व्यक्तीच्या जीवनात महत्त्वाचे असावे, आणि झालेला बदल उपचाराच्या खोलीबाहेरही टिकावा.

बी. एफ. स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात भाषेलाही हेच तत्त्व लावले. ‘पाणी’ हा एकच शब्द तहान लागल्यावर उच्चारला तर ती मागणी, पाणी पाहून उच्चारला तर तो निर्देश, आणि ऐकून पुन्हा उच्चारला तर ती प्रतिध्वनी-उक्ती. नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली या ग्रंथाचे जे परीक्षण लिहिले, त्याने भाषाविज्ञानातील वर्तनवादाला मोठा हादरा दिला. उपचारक्षेत्रात मात्र स्किनर यांचे वर्गीकरण आजही वापरात आहे. या दोन गोष्टींत वस्तुतः विरोध नाही. मूल भाषा कशी आत्मसात करते याची उपपत्ती म्हणून एखादे मत अपुरे ठरले, तरी त्यावरून निघालेली शिकविण्याची रीत उपयोगी असू शकते. उलट, रीत उपयोगी पडली म्हणून उपपत्ती सिद्ध होत नाही.

उपयोग किती, याचे उत्तर सावधपणेच द्यावे लागते. लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासात आठवड्यास सुमारे ४० तास उपचार घेतलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सामान्य शाळेत सामान्य बुद्ध्यंकासह शिकू लागली. परंतु मुलांची विभागणी यदृच्छेने केलेली नव्हती, आणि त्या उपचारात शारीरिक शिक्षेचाही अंतर्भाव होता. २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेत अशा सघन उपचारांचे पाच अभ्यास, एकूण २१९ मुले, विचारात घेतली गेली. काही लाभाचा पुरावा तीत आढळला, पण तो दुर्बळ ठरविण्यात आला. स्वमग्न प्रौढांनीही या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले आहेत : हात हलविणे, नजर टाळणे यांसारख्या निरुपद्रवी सवयी मोडून मुलास इतरांसारखे ‘दिसावयास’ लावणे हा उपचार नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. वर दिलेल्या पहिल्या कसोटीशी ते सुसंगतच आहे.

भाषेच्या बाबतीत हा आक्षेप अधिकच स्पष्ट होतो. अनेक स्वमग्न मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारतात. पूर्वी ही पुनरुक्ती निरर्थक मानून ती बंद पाडण्याकडे उपचारकांचा कल असे. प्रिझंट व डुकन यांनी १९८१ साली अशा उक्तींचे पृथक्करण करून, होकार देणे, मागणी करणे, आपली पाळी घेणे अशी सात कार्ये त्यांतून होतात हे दाखविले. ‘तुला पाणी हवं?’ असे म्हणणारे मूल बहुधा पाणीच मागत असते. त्यास गप्प करणे म्हणजे त्याच्याजवळ असलेली एकमेव मागणी हिरावून घेणे होय.

मराठी मुलाच्या बाबतीत आणखी एक विचार आवश्यक ठरतो. इंग्रजी साहित्यातील पाठ भाषांतरित करून चालत नाही. ‘चेंडू हवा’, ‘पोळी हवी’, ‘पाणी हवं’ यांत क्रियारूप वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते. आरंभी ‘दे’ किंवा ‘पाहिजे’ हे रूप अधिक सोयीचे. तसेच स्त्री-उपचारकाचे ‘मी जाते’ हे वाक्य मुलग्याने अनुकरणाने उचलले, तर ते त्याच्या तोंडी चुकीचे ठरते. त्याच्यापुढे ‘मी जातो’ हाच नमुना ठेवावा लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, घरात मराठी आणि उपचारात केवळ इंग्रजी अशी स्थिती असेल, तर शिकलेली मागणी आजीपाशी निरुपयोगी ठरते. मग बदल खोलीबाहेर टिकावा ही दुसरी कसोटी पुरी होत नाही. दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलाच्या भाषाविकासास अपाय होतो, या समजुतीला आजवरच्या अभ्यासांचा आधार नाही.

उपचारकाची निवड करताना कायद्याची स्थितीही माहीत असावी. १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वसन परिषद चिकित्सक-मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारक, विशेष शिक्षक इत्यादींची नोंदवही ठेवते. वर्तनविश्लेषक हा स्वतंत्र वर्ग तीत नाही. सहबद्ध आरोग्यव्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत मात्र त्याचा उल्लेख आहे. अमेरिकेतील प्रमाणन-मंडळाने २०२३ पासून नव्या उमेदवारांचे अर्ज मोजक्या देशांपुरतेच मर्यादित केले आहेत. केवळ फलकावरील पदवीवर विसंबून राहणे म्हणूनच पुरेसे नाही.

यास्तव पालकांनी काही प्रश्न थेट विचारावेत. मुलासमवेत प्रत्यक्ष कोण बसणार आणि त्याच्यावर देखरेख कोणाची? उद्दिष्टे कोणी ठरविली, आणि त्यांचा मुलास कोणता उपयोग? नोंदी पालकांस दाखविल्या जातात काय? सत्र पाहू दिले जाते काय? मूल नकार देऊ लागले तर काय करतात? शिक्षेचा अवलंब होतो काय? शब्द न उमटल्यास चित्रफलक अथवा खुणा यांना वाव आहे काय? वाचा-उपचारकाशी विचारविनिमय होतो काय? घरची भाषा वापरली जाते काय? प्रगती न झाल्यास पद्धत केव्हा बदलणार? दार बंद ठेवून उपचार करणारा, अथवा पूर्ण बरे करण्याची हमी देणारा उपचारक टाळणेच श्रेयस्कर.

या कामी भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना प्रत्यक्ष साहाय्य करता येण्याजोगे आहे. मराठी मूल कोणती रूपे कोणत्या क्रमाने आत्मसात करते, मागणीची कोणती वाक्यरचना प्रथम येते, यांची पद्धतशीर नोंद उपचारकांच्या हाती असेल, तर परभाषेतील पाठांची नक्कल करण्याचे त्यांना कारण उरणार नाही.