दिवसाचा हिशेब प्रभूसमोर : धावपळीत आत्मपरीक्षणासाठी वेळ कसा काढावा?

आत्मपरीक्षण हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी अनेकांना पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहून घाईघाईने जुळविलेली पापांची यादी आठवते. नाताळ आणि पास्काच्या आधी, वर्षातून दोनदा करावयाचे ते एक कर्तव्य, अशीच त्याविषयी सर्वसाधारण समजूत आहे. ख्रिस्तसभेच्या परंपरेत मात्र आत्मपरीक्षण ही रोजची प्रार्थना आहे. संन्याशांनी जशी ती करावी, तशीच संसारी माणसानेही करावी, अशी अपेक्षा आहे.

विष्णुपुरीसारख्या ठिकाणी तिची गरज किती आहे, हे वेगळे सांगावयास नको. नांदेडजवळ गोदावरीच्या काठी असलेल्या या परिसरात १९८१ साली स्थापन झालेले श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, तसेच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. परीक्षार्थी विद्यार्थी, पाळीवर येणाऱ्या परिचारिका, रुग्णांचे नातेवाईक आणि आसपासचे शेतकरी या सर्वांचा दिवस वेळापत्रकाने, घंटेने किंवा विजेच्या वेळेने बांधलेला आहे. अशा दिवसात स्वतःकडे पाहण्यासाठी वेळ आपोआप उरत नाही. विष्णुपुरीचा प्रकल्प उपसा सिंचनाचा आहे. नदी कितीही भरलेली असली तरी तिचे पाणी उंचावरच्या शेतात आपण होऊन चढत नाही, ते उपसावे लागते. वेळेचेही तसेच म्हणावे लागेल.

प्रभू येशूच्या जीवनातील एक प्रसंग येथे लक्षात घेण्यासारखा आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूम येथील एका दिवसाचे वर्णन आहे. सभास्थानात शिकवण, भूतग्रस्ताची सुटका, पेत्राच्या सासूचे आजारपण आणि सूर्यास्तानंतर दाराशी लोटलेले सारे गाव असा तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी, अद्याप अंधार असतानाच, प्रभू एकांतात जाऊन प्रार्थनेत मग्न झाला. शिष्य त्याला शोधत आले. सर्वजण वाट पाहात आहेत, असा त्यांचा निरोप होता. प्रभूने मात्र परत त्याच गर्दीत न जाता इतर गावांकडे जाण्याचा निर्णय घेतला. आदल्या दिवशीच्या यशाने तो बांधला गेला नाही. एकांतातील त्या घटकेने पुढच्या दिवसाची दिशा ठरविली. आपण प्रार्थनेचा हा परिणाम फारसा विचारात घेत नाही. शांती लाभली की प्रार्थना सफल झाली, असे मानून मोकळे होतो.

दैनंदिन आत्मपरीक्षणाला सुस्पष्ट रूप दिले ते संत इग्नाशियस लोयोला यांनी. १५२१ च्या मे महिन्यात पाम्पलोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोला येथील घरी अंथरुणाला खिळून असताना मनोरंजनासाठी शौर्यकथा हव्या होत्या, पण हाती आले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. या दिवसांत त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगविताना आनंद होई, परंतु ती ओसरताच मन कोरडे पडे. संतांप्रमाणे जगण्याचा विचार केला की आनंद नंतरही टिकून राही. कोणता विचार मनाला कोठे नेऊन सोडतो, हे पाहण्याची ही सवयच पुढे त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाचा पाया ठरली. या ग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली.

त्या ग्रंथातील आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आजही तशाच उपयोगी आहेत. प्रथम, मिळालेल्या कृपादानांबद्दल परमेश्वराचे आभार मानावयाचे. मग आपले दोष ओळखता यावेत म्हणून त्याच्याकडे प्रकाश मागावयाचा. तिसऱ्या पायरीवर, उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने पाहावयाचा आणि विचार, शब्द व कृती अशा क्रमाने हिशेब घ्यावयाचा. त्यानंतर क्षमायाचना. शेवटी परमेश्वराच्या कृपेने सुधारण्याचा संकल्प आणि प्रभूने शिकविलेली प्रार्थना. एवढ्यासाठी पाव तास पुरतो.

या क्रमात आभार पहिले आहेत, याकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो आणि तीही दोषांपासून. मग आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःची झडती होऊन बसते. सकाळी कोणी प्रेमाने चहाचा कप पुढे केला, वसतिगृहातील मित्राने टिपणे दिली, रुग्णाने हात जोडले, या गोष्टी त्या झडतीत येतच नाहीत. ज्याला मिळालेले दिसत नाही, त्याला आपण काय नाकारले हेही नीट दिसत नाही.

संत इग्नाशियस यांनी आणखी एक अगदी व्यवहारी उपाय सांगितला आहे. एखादा विशिष्ट दोष, समजा रागाने बोलणे, जावा असे वाटत असेल, तर उठताच त्याविषयी संकल्प करावा. दुपारी व रात्री जेवणानंतर स्वतःला विचारून तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके कागदावरील रेघेवर मांडावेत आणि दिवसाची दिवसाशी, आठवड्याची आठवड्याशी तुलना करावी. आठवड्याच्या दिवसांसाठी अशा रेघा त्यांच्या ग्रंथात प्रत्यक्ष आखून दिलेल्या आहेत! आपले किराणा दुकानदार उधारीची वही ज्या दक्षतेने ठेवतात, तीच दक्षता येथे आहे.

ही परंपरा मराठी भूमीला नवी नाही. इग्नाशियस यांचे सहकारी संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले. १६१६ साली ज्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले, ते फादर थॉमस स्टीफन्स हेही येशूसंघाचेच, आणि दररोजचे आत्मपरीक्षण हा त्या संघाच्या जीवनक्रमाचा भाग आहे. अलीकडच्या काळात मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी श्वास, शरीराच्या संवेदना आणि भोवतीचे आवाज यांकडे शांतपणे लक्ष देऊन प्रार्थनेत कसे शिरावे, हे शिकविले. पुढे लोणावळ्याला स्थिरावलेली साधना इन्स्टिट्यूट ही त्यांच्या कार्याची देणगी. त्यांच्या काही मतांविषयी १९९८ साली व्हॅटिकनने सावधगिरीची सूचना दिली होती. तिची दखल ठेवूनही, थकून आलेल्या माणसाने आधी दोन मिनिटे स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्यावे आणि मग दिवस पाहावा, ही पद्धत निश्चितच उपयुक्त आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आत्मपरीक्षण आणि स्वतःला कुरतडत बसणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मानरेसा येथे राहात असताना स्वतः इग्नाशियस यांना जुन्या पापांच्या शंकांनी इतके ग्रासले होते की, जीवन संपविण्याचा मोहही त्यांना झाला. त्यांनी आत्मकथनात हे लपविलेले नाही. नांदेड-लातूरकडे प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी घर सोडून आलेली शेकडो मुले-मुली आहेत. कमी गुण मिळाले म्हणजे आपण आई-वडिलांचे अपराधी झालो, असे त्यांतील अनेकांना वाटते. गुण कमी पडणे हे पाप नव्हे, हे त्यांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे. रात्रीच्या चिंतनातून जर रोज निराशाच वाढत असेल, झोप उडत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते चिंतन थांबवून विश्वासातल्या व्यक्तीशी, धर्मगुरूंशी आणि डॉक्टरांशी बोलावे. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. वैद्यकीय मदत घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, हा गैरसमज आपल्या समाजातून लवकर जावा.

आता वेळेविषयी. आपल्या शेजारी राहणाऱ्यांकडून येथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाणारे शीख बांधव पहाटेच्या अमृतवेळेला नामस्मरणासाठी मान देतात, मुस्लिम बांधवांचा दिवस पाच नमाजांत विभागलेला असतो, वारकरी घरांतून सायंकाळी हरिपाठ होतो. आपल्याकडेही सकाळ, दुपार आणि सायंकाळची देवदूताची प्रार्थना होती. चर्चची घंटा ऐकू न येणाऱ्या घरांतून ती हळूहळू मागे पडली. वेळ आयत्या वेळी शोधावा लागला तर तो सापडत नाही. एखाद्या नित्याच्या कृतीला तो बांधून ठेवला तर टिकतो. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेने झोपण्यापूर्वीच, मग ती सकाळ का असेना, आपला दिवस संपला असे समजावे. रात्रीच्या विजेची वाट पाहात मोटारीजवळ बसणाऱ्या शेतकऱ्याजवळ खरे पाहता आपल्या सर्वांपेक्षा अधिक एकांत असतो. विद्यार्थ्याने पुस्तक मिटल्यावर आणि मोबाईल हाती घेण्यापूर्वी ही पंधरा मिनिटे ठेवावीत. हा क्रम उलटला की ती पंधरा मिनिटे गेलीच म्हणून समजा.

रविवारच्या मिस्साच्या आरंभी पश्चात्ताप विधीत धर्मगुरू क्षणभर थांबतात. ती शांतता याच कारणासाठी आहे. परंतु धावत येऊन बसलेल्या माणसाला तेवढ्यात काही आठवत नाही. दहा मिनिटे आधी येणाऱ्याला संपूर्ण आठवडा आठवतो.

औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. मराठवाड्यातील आपली कुटुंबे आजही दूरदूर विखुरलेली आहेत आणि अनेकांना चर्च जवळ नाही. अशा घरांतून सायंकाळच्या जपमाळेनंतर पाच मिनिटे सर्वांनी मूक बसावे. वडीलधाऱ्यांनी मोठ्याने आभाराची एखादी गोष्ट सांगावी, म्हणजे मुलेही सांगू लागतात. दोषांचे मात्र मोठ्याने काही विचारू नये. आज काय चुकले, असे सर्वांसमक्ष विचारले की मूल उत्तर रचावयास शिकते. तो भाग मुलाचा आणि प्रभूचा राहू द्यावा.