बटण दाबले, ‘टक्’ वाजले… पुढे काय?

पावसाळ्यातली सकाळ. स्कूटर रात्रभर उघड्यावर भिजलेली, मुलांच्या शाळेची वेळ झालेली. चावी फिरवली की दिवा लागतो, हॉर्नही वाजतो. पण सेल्फचे बटण दाबले की नुसताच ‘टक्’ असा आवाज येतो. गॅरेजमधले निदान बहुतेक वेळा ठरलेले असते : ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी बसते, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि एका सकाळी पुन्हा तोच ‘टक्’.

बॅटरी दोषी असतेच असे नाही. दुचाकीतील विजेचे बरेचसे बिघाड सैल जोडात, गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा पाणी शिरलेल्या कपलरमध्ये दडलेले असतात. ते शोधायला महागडी यंत्रे लागत नाहीत. साधा मल्टिमीटर आणि शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरतो.

दिवा लागतो, मग सेल्फ का नाही?

दुचाकीच्या हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर प्रवाह घेतो. सेल्फची मोटर मात्र इंजिन फिरवताना काही क्षण ५० अँपिअरच्या घरात प्रवाह ओढू शकते. आता बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढून तिथे अवघा ०.०५ ओहम रोध तयार झाला, असे समजू. विद्युतदाबातील घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. दिव्यासाठी ही घट होते ०.१५ व्होल्ट, डोळ्यांना ती कळणारही नाही. सेल्फसाठी तीच घट होते २.५ व्होल्ट. त्या वेळी बॅटरी स्वतःही ११ व्होल्टपर्यंत खाली आलेली असेल, तर मोटरला मिळतात जेमतेम साडेआठ व्होल्ट. मोटर जागची हलत नाही. म्हणून ‘दिवा लागतो, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हा निष्कर्ष फसवा ठरतो.

नवी बॅटरी बसवताना मेकॅनिक टर्मिनल सोडतो, पुसतो, पुन्हा आवळतो. गाडी सुरू होते ती अनेकदा या पुसण्या-आवळण्यामुळे, आणि श्रेय मिळते बॅटरीला.

आवाज काय सांगतो?

बटण दाबल्यावर एकच ठोस ‘टक्’ आला, तर रिले काम करतो आहे. पण मोटरपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही किंवा मोटरच अडकली आहे. ‘टकटकटक’ असा सलग आवाज आला, तर बॅटरी दुबळी असण्याची किंवा टर्मिनल सैल असण्याची शक्यता अधिक. रिले ओढला जातो, दाब कोसळतो, रिले सुटतो आणि दाब पुन्हा सावरतो; हे चक्र सेकंदात अनेकदा घडते. काहीच आवाज आला नाही, तर आधी किल स्विच, फ्यूज आणि साइड स्टँड पाहावा. बहुतेक स्कूटर ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. अशा वेळी मागचा ब्रेकलाइट लागतो का, हे पाहणे ही सर्वात सोपी तपासणी. लिव्हर दाबूनही तो लागत नसेल, तर दोष ब्रेकच्या छोट्या स्विचमध्ये असू शकतो. तो स्विच वेळीच दुरुस्त करणे सुरक्षिततेसाठीही गरजेचे आहे. ब्रेकलाइट बंद असलेली गाडी पावसात मागच्या ट्रकचालकाला थांबताना दिसत नाही.

मीटरची चार मापे

पहिले माप गाडी काही तास बंद राहिल्यावर घ्यावे. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. दुसरे माप सेल्फ दाबताना बॅटरीच्याच टर्मिनलवर. इथे आकडा साधारण १० व्होल्टच्या बराच खाली जात असेल, तर बॅटरी थकली आहे. तिसरे माप इंजिन चालू असताना, थोडी रेस देऊन. साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक. आकडा १३ च्या खालीच राहिला, तर बॅटरी कितीही नवी असली तरी ती भरणार नाही. तो १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. बल्ब वारंवार उडणे आणि बॅटरी फुगणे ही त्याचीच लक्षणे.

चौथे माप अर्थचे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर ठेवून सेल्फ दाबावा. आदर्श आकडा शून्याजवळचा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थची वायर सोडून, जोड पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळावा.

चार्जिंग तपासण्यासाठी चालत्या गाडीची बॅटरी काढून पाहण्याची जुनी पद्धत मात्र आता टाळलेलीच बरी. दाबातील अचानक उसळीने इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कायमची निकामी होऊ शकते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर बहुतेक दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. त्यातील पेट्रोल पंप आणि संगणक विजेवर चालतात. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरल्यावर अनेक गाड्या किक मारूनही सुरू होत नाहीत.

फ्यूज उडतो, तेव्हा

फ्यूज उडणे हा बिघाड नसून इशारा असतो. १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे तो इशारा बंद करणे. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. मग फ्यूजऐवजी वायरचे आवरण वितळते, तेही पेट्रोलच्या टाकीजवळ. जादा दिवे, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर मूळ वायर सोलून जोडले असतील, तर शोध तिथूनच सुरू करावा. वेगळा फ्यूज आणि रिले न लावता जोडलेला दिवा रात्री घाटात सगळ्या गाडीचा उजेड घेऊन जाऊ शकतो.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी. दाबाच्या पाण्याने गाडी धुताना फवारा कपलर आणि स्विचवर मारू नये. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर लवकर चढतो, तेव्हा जोड वर्षातून एकदा तरी उघडून साफ करावेत. उंदरांनी कुरतडलेली वायरही आडोशाला उभ्या गाड्यांमध्ये नेहमी सापडते.

हात घालण्यापूर्वी

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. गाडीचा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना सांगाड्याला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. शॉर्टमध्ये सापडलेली अंगठी क्षणात तापून बोट भाजते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको. टर्मिनलवरील पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, हातमोजे घालून पुसावी. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. नंतर पेट्रोलियम जेली लावावी. आम्ल त्वचेवर किंवा डोळ्यात उडाले, तर किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि डोळ्याच्या बाबतीत लगेच डॉक्टरकडे जावे. प्लगला हजारो व्होल्टचा दाब जातो, त्यामुळे पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंजिनावर वाकू नये. इलेक्ट्रिक स्कूटरचा बॅटरी पॅक तर घरी उघडूच नये.

एवढे करूनही ‘टक्’ थांबला नाही, तर चारही मापे कागदावर लिहून गॅरेजमध्ये न्यावीत. बॅटरी बदलायची की एक नट आवळायचा, हे मेकॅनिकला त्या आकड्यांवरून ठरवता येते.